फुलसावंगीचे पाते आणि मलावीची पवनचक्की

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी म्हणून एक गाव आहे. कापूस, सोयाबीन, तूर ही तिकडची पिके. पैनगंगा ओलांडली की माहूरचा डोंगर. ऑगस्ट 2021 मध्ये या गावाचे नाव आठवडाभर साऱ्या देशाच्या तोंडी होते. शेख इस्माईल शेख इब्राहीम हा तेथला चोवीस वर्षांचा कारागीर. गावात त्यास मुन्ना म्हणत. आठवीनंतर शाळा सुटली, वेल्डिंगचे काम हाती धरले. पत्रा कापावा, कपाटे व कुलर बनवावे आणि पोट भरावे, असा त्याचा धंदा. या पोराने सुमारे दोन वर्षे खपून, मारुती 800 मोटारीचे इंजिन बसवून, एका माणसापुरते हेलिकॉप्टर तयार केले. 15 ऑगस्टला ते लोकांस दाखवावयाचे होते. त्याच्या चारपाच दिवस आधी, रात्री, यंत्रात बसून तो ते जमिनीवरच चालवून पाहत होता. मागील लहान पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि त्याचा तडाखा त्याच्या डोक्यास बसला. दवाखान्यात नेले, पण उपयोग झाला नाही.

त्या आठवड्यात दोन प्रकारची बोलणी ऐकू आली. एक म्हणाले, केवढे हुशार पोर, देश एका शास्त्रज्ञास मुकला! दुसरे म्हणाले, आठवी शिकलेल्या पोराने असल्या भानगडीत पडावेच कशाला? आम्हांस दोन्ही बोलणी सारखीच फुकटची वाटतात. मेल्यावर हार घालणारा आणि मेल्यावर अक्कल शिकविणारा, दोघेही मढ्यापाशीच येतात. तो जिवंत असता, दुकानात खटपट करीत असता, ‘बाबा, हे पाते कोणत्या धातूचे? हा सांधा कोणी तपासला? डोक्यावर काही घातलेस का?’ असे विचारावयास जाणत्या माणसाने कारागिराच्या दारी जावे, अशी या देशात रीतच का नाही, हा खरा प्रश्न आहे; आणि तो कोणीही विचारला नाही म्हणून आम्ही विचारीत आहो.

आमच्या वाचकांत मळणीयंत्र चालविणारे पुष्कळ आहेत. त्यांस पुढील गोष्ट फोड करून सांगावी लागणार नाही. फिरणारी वस्तू बाहेर पळू पाहते. गोफणीत दगड घालून फिरवा, दोरी हातास ओढते. वेग दुप्पट केला तर ही ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट केला तर नऊपट. हेलिकॉप्टरचा वरचा पंखा एका बाजूस फिरतो, म्हणून खालचे धड उलट बाजूस फिरू पाहते. ते आवरण्यासाठी शेपटीस लहान पंखा लावतात. तो लहान आहे म्हणून गरीब आहे असे समजू नये, तो वरच्याहून पुष्कळ अधिक वेगाने फिरतो. पाते दांड्यास जेथे जोडले असते तेथे केसाएवढी चीर असली, किंवा समोरासमोरच्या पात्यांच्या वजनात थोडा फरक असला, की यंत्र थरथरू लागते, आणि थरथरीने चीर वाढते. म्हणून ज्यांचा हा धंदाच आहे ते लोक नवे यंत्र प्रथम माणूस न बसविता, जमिनीस जखडून, दुरून चालवितात, तासन् तास चालवितात, आणि पाती फिरतात त्या पातळीत कोणास उभेसुद्धा राहू देत नाहीत.

हे काही मंत्रतंत्र नव्हे. कोणत्याही अभियांत्रिकी शाळेतल्या यंत्रशिक्षकास हे ठाऊक असते. पण तो शिक्षक आपल्या वर्गात, आणि कारागीर आपल्या दुकानात. दोघांमध्ये मोबाईलवरच्या चित्रफिती. मुन्नानेही चित्रफिती पाहूनच पुष्कळ शिकून घेतले होते, असे त्या वेळी छापून आले. चित्रफीत वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. गरिबाच्या पोरास तिने फी न मागता शिकविले हे तिचे उपकारच. परंतु चित्रफीत तुमच्या सांध्याकडे बोट दाखवून ‘थांब’ म्हणत नाही. थांब म्हणावयास माणूस लागतो, आणि तोही असा की ज्याचे स्वतःचे हात कधी काळे झाले आहेत.

याच जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवर औषध फवारताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मेले, हे वाचकांस विसरता येणार नाही. औषधाचा डबा गावापर्यंत बरोबर पोचला. तोंडावरची पट्टी, हातमोजे आणि समजावून सांगणारा माणूस मात्र वाटेत कोठे तरी राहिला. तो नेहमीच वाटेत राहतो.

दुखणे जुने आहे. या देशात अक्षर एका घरी आणि हातोडा दुसऱ्या घरी, अशी वाटणी पिढ्यानपिढ्या चालली. ज्याच्या घरी अक्षर होते त्यास लोखंडाचा विटाळ, आणि ज्याच्या हाती लोखंड होते त्यास अक्षराची बंदी. लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, तेल्याचा घाणा, कोष्ट्याचा माग यांत जे ज्ञान साठले ते कोणी लिहून ठेविले नाही. आणि जे पोथ्यांत लिहिले गेले त्यात चाक का फिरते हे कोठेच नव्हते. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे निवेदन केले, तेव्हा त्यांनी काय मागितले? बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे शिक्षण तर मागितलेच. शिवाय शाळेस जोडून नमुन्याची शेती असावी आणि शिक्षक शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरावयास त्यांस लाज वाटणार नाही, असेही मागितले. त्या निवेदनास पुढच्या पिढ्यांनी हार घातले. नमुन्याची शेती आणि वाकस धरणारा मास्तर मात्र अजून वाटेतच आहे. आज तो जुना सोवळेपणा जानव्यात राहिला नाही, पदवीच्या कागदात शिरला आहे; आणि आमच्याच घरची शिकली-सवरली पोरे तो पाळू लागली आहेत. नोकरी लागलेल्या इंजिनियरास आपल्या चुलत्याच्या वेल्डिंगच्या दुकानात बसावयास लाज वाटते. हे आम्ही लपवीत नाही.

आता दूरदेशची एक गोष्ट सांगतो. आफ्रिकेच्या पूर्वेकडे मलावी नावाचा लहानसा देश आहे. आमच्या ज्वारीसारखे तेथे मक्यावर पोट. 2001-02 साली तेथे मोठा दुष्काळ पडला. कासुंगू जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा चौदा वर्षांचा मुलगा, विल्यम कामक्वाम्बा, फी भरता न आल्यामुळे शाळेतून बाहेर पडला. घरी एकवेळचे खाणे. पण जवळच्या विम्बे गावच्या शाळेत देणगीच्या पुस्तकांचे एक लहानसे वाचनालय होते, आणि तेथल्या बाईंनी या फी न भरलेल्या पोरास आत येऊ दिले. त्यास इंग्रजी धड येत नव्हते. चित्रे पाहावी, चित्राखालचा शब्द दुसऱ्या पुस्तकात शोधावा, पुन्हा चित्राकडे यावे, असे चालले. एका पुस्तकावर पवनचक्क्यांचे चित्र होते. पोराने मनाशी ठरविले की कोणी तरी हे केले आहे, त्या अर्थी मलाही येईल.

भंगारात पडलेल्या ट्रॅक्टरचा पंखा, मोडक्या सायकलीचा सांगाडा, तापवून सपाट केलेल्या प्लॅस्टिकच्या नळाची पाती आणि निलगिरीच्या खोडांचा मनोरा. सायकलीचा डायनामो पाहिजे होता, तो एका मित्राने आपल्या खिशातले पैसे देऊन मिळवून दिला. गाव म्हणे, पोर वेडे झाले. चक्की फिरली, दिवा लागला, तेव्हा तेच गाव मोबाईल भारावयास दारी रांग लावून उभे राहिले. घरात तारा ओढल्यावर एकदा आगीचा धोका दिसला. तेव्हा त्याने खिळे, तार व लोहचुंबक घेऊन, प्रवाह बिघडताच वीज तोडणारी कळ बनविली. ही युक्तीही त्यास वाचनालयातल्या पुस्तकाच्याच आधाराने सुचली. वाचकहो, येथे थोडे थांबा. त्याच्या यंत्रास ‘थांब’ म्हणावयास पुस्तक शिकले, आणि ते पुस्तक त्यास एका बाईंनी दार उघडे ठेवल्यामुळे मिळाले.

पुढे 2006 मध्ये ही गोष्ट तेथल्या वर्तमानपत्रात आली, 2007 मध्ये टांझानियातील आरुशा येथे मोठ्या सभेपुढे त्यास बोलाविले, आणि ज्या लोकांनी टाळ्या वाजविल्या त्यांच्यापैकी काहींनी टाळ्यांवर न थांबता त्यास पुन्हा शाळेत घातले. 2014 मध्ये तो अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला. गावात विहिरीवर सौर पंप आला, भाजीपाल्याचे दुसरे पीक निघू लागले. विल्यमचे नशीबही त्यात आहे, हे कबूल केले पाहिजे. तोही त्या उंच मनोऱ्यावर चढत होता. पाय निसटता तर त्याचे नाव आज मलावीतसुद्धा कोणास ठाऊक नसते. म्हणूनच आम्ही म्हणतो की विल्यम हुशार आणि मुन्ना अविचारी, असला हिशेब कोणी मांडू नये. दोघांचेही हात सारखेच. एकाच्या हाताजवळ पुस्तकाचे कपाट उघडे होते.

हेलिकॉप्टर कोणा गरिबाच्या घरी लागते, त्यापेक्षा काही उपयोगाचे करावयाचे होते, असे म्हणणारेही आहेत. त्यांस आम्ही एवढेच सांगतो की ज्या राईट बंधूंनी 1903 साली अमेरिकेत पहिले विमान उडविले ते सायकली विकण्याचा व दुरुस्त करण्याचा धंदा करीत होते. कारागिराने काय स्वप्न पाहावे हे ठरविणारे आम्ही कोण? परंतु त्याच हातांस आज एक मोठे काम गावोगाव येऊन ठेपले आहे, आणि ते दुसरेच कोणी उचलून नेत आहे, हे मात्र सांगितले पाहिजे.

विजेची रात्रपाळी आमच्या शेतकऱ्यास ठाऊक आहे. थंडीत, काळोखात, साप-विंचवाच्या भीतीने एका हाती विजेरी व दुसऱ्या हाती फावडे घेऊन त्याने वर्षानुवर्षे गहू-हरभऱ्यास पाणी दिले. उन्हावर चालणाऱ्या पंपाने ही पाळी दिवसा येते. सरकारने 2024 साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ अशी योजना काढली. शेतकऱ्याने दहा टक्के भरावे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकीची सोय सरकारकडून. चांगली गोष्ट. दुरुस्तीची हमी पाच वर्षे कंपनीची. हेही चांगले. पण सहाव्या वर्षी काय? आणि पाच वर्षांतसुद्धा, ऐन पाण्याच्या दिवसांत पंप बंद पडला आणि कंपनीचा माणूस आठ दिवसांनी आला, तर हरभरा त्याची वाट पाहत थांबतो काय?

गावचा मोटार भरणारा मिस्तरी जुनी मोटार डोळे मिटून भरतो. या नव्या पंपास मात्र तो हात लावीत नाही, कारण त्याची नियंत्रणपेटी कशी चालते हे त्यास कोणी दाखविलेले नाही. ऊन आमचे, शेत आमचे, पाणी आमचे. आणि पेटीची किल्ली परगावी! मुन्नासारखा माणूस, ज्याने मोटारीचे इंजिन उतरवून दुसऱ्याच कामास लावले, त्यास ही पेटी शिकावयास किती दिवस लागले असते?

शिकविता येत नाही, असे कोणी म्हणू नये. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया म्हणून गाव आहे. तेथे 1972 पासून चालत आलेल्या संस्थेने, ज्या बायांस कधी शाळा ठाऊक नव्हती त्यांस सौर दिव्यांचे काम शिकविले. पुढे आफ्रिकेतल्या खेड्यांतून आया-आज्या तेथे आल्या. त्यांची भाषा शिकविणारणीस येईना, शिकविणारणीची त्यांस येईना. तारांस रंग दिले, खुणा केल्या, हाताने करून दाखविले, आणि सहा महिन्यांत त्या आज्या आपापल्या देशी जाऊन गावात दिवे लावू लागल्या. पदवीचा कागद द्यावयाचा नाही, असाच त्या संस्थेचा बाणा. म्हाताऱ्या बायाच का निवडल्या? तर तरुण गडी चार अक्षरे शिकून शहरात जातो, आजी गाव सोडीत नाही. यात आमच्या तरुणांस टोमणा आहे, तो त्यांनी ऐकून घ्यावा.

धंद्याची दुसरी बाजूही आफ्रिकेतच पाहावी. केनिया देशात 2007 पासून मोबाईलवरून पैसे पाठविण्याची एम-पेसा ही सोय घरोघरी झाली. तिच्या आधारावर 2011 साली निघालेल्या एम-कोपा कंपनीने गरिबास सौर दिवा रोजच्या हप्त्यावर दिला. रॉकेलवर रोज जेवढे जाई त्याच्या आसपास रोज भरावे, म्हणजे काही महिन्यांनी दिवा आपला. ज्याच्या हाती एकरकमी पैसा कधी येत नाही अशा मजुरास ही युक्ती उपयोगी पडली, हे नाकारता येत नाही. पण हप्ता चुकला की दिवा दुरूनच बंद होतो. शिवाय कंपनी स्थापणारे परदेशचे आणि भांडवलही बाहेरचे. हप्त्याची सोय घ्यावी, पण उधारीची दोरी कोणाच्या हाती आहे हे पाहून घ्यावे. सावकार पागोटे टाकून मोबाईलमध्ये बसला म्हणजे साधू होत नाही. आमच्या गावांत हे काम गावच्या मिस्त्र्यांच्या सहकारी मंडळीने केले तर हप्ताही गावातच राहील.

आणि ज्ञान गावातून निघाले तर त्यावर नाव कोणाचे लागते, हाही धडा आमच्या विदर्भातच मिळाला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, जेमतेम तिसरी शिकलेले, दीडदोन एकरांचे धनी. शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निवडून ठेविल्या, वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या, आणि त्यातून एचएमटी नावाचा बारीक तांदूळ निघाला. घड्याळाचे नाव तांदळास पडले, शेतकऱ्याचे पडले नाही! पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्याच वाणाचे शुद्ध बियाणे पीकेव्ही-एचएमटी या नावाने आणले. आपले श्रेय आपल्यास मिळाले नाही, हे दादाजी अखेरपर्यंत सांगत राहिले. 2005 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. 3 जून 2018 रोजी ते वारले, आणि त्या शेवटच्या आजारात औषधोपचारासाठी घरच्यांस लोकांपुढे हात पसरावा लागला होता. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण आमच्या लोकांनी उगीच केली नाही. फरक इतकाच की येथे दळणारा मुळीच आंधळा नव्हता.

खेड्यांतले असे शोध गोळा करून त्यांस मदत करावी म्हणून 2000 साली सरकारच्या आश्रयाने राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही संस्था गुजरातेत निघाली. तिने बरेच काम केले आहे, आणि दादाजींचा गौरवही तिच्याच द्वारे झाला. पण फुलसावंगीहून गांधीनगर किती कोस? कारागिराने गांधीनगरास जाण्यापेक्षा गांधीनगरचे दार बाजाराच्या गावी उघडले पाहिजे.

म्हणून आमचे मागणे लहान आहे आणि आमच्याच लोकांपाशी आहे. प्रत्येक बाजाराच्या गावी एक खोली. तीत वेल्डिंगचे यंत्र, लेथ, विजेची मापे, आगीची वाळू, शिरस्त्राण, चष्मे, आणि मराठीत लिहिलेल्या यंत्रविद्येच्या पुस्तकांचे एक कपाट, कुलूप नसलेले. आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, जवळच्या आयटीआयचा किंवा तंत्रनिकेतनाचा एक शिक्षक तेथे येऊन बसेल, आणि जो कोणी आपले यंत्र घेऊन येईल त्याचे सांधे पाहील. तो हसणार नाही, प्रमाणपत्र मागणार नाही, आणि धोका दिसला तर साफ थांब म्हणेल. खोलीत एक वही असावी. कोणी काय केले, कोणत्या तारखेस केले, ते त्याच्या सहीने किंवा अंगठ्याने लिहून ठेवावे, म्हणजे पुढे दादाजींसारखा वाद उरणार नाही. त्याच खोलीत तालुक्यातल्या सौर पंपांची दुरुस्ती मुलांस आणि मुलींस शिकवावी. ज्या पुसद भागाने महाराष्ट्रास वसंतराव नाईक व सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले, त्या भागास एक खोली जड जाऊ नये. खर्च अधिक होतो असे कोणी सरपंच म्हणेल तर गेल्या वर्षी गावच्या कमानीवर व सत्कारांवर किती गेला, तो आकडा त्याने शेजारी मांडून दाखवावा.

15 ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा भरते. हाच दिवस मुन्नाने आपले यंत्र दाखविण्यासाठी धरला होता. त्या सभेत ज्या गावाने अशा खोलीचा ठराव करून विकास आराखड्यात घातला, त्याने ठरावाची नक्कल आमच्याकडे पाठवावी. ती गावाच्या नावासह छापू. ज्या शिक्षकास किंवा इंजिनियरास बाजाराच्या दिवशी दोन तास देता येतील, त्यानेही कळवावे. त्याने येताना आपले जुने कपडे घालून यावे, खोलीत तेल सांडलेले असेल.